दाभोळची खाडी : किनारी प्रदेशातील साधनसंपत्ती, विकासाच्या संधी आणि आपला वाटा

इयत्ता नववीच्या भूगोलाच्या तासाला महाराष्ट्राच्या पर्जन्यमानाचा नकाशा फळ्यावर लावला की मुलांच्या नजरा एकाच ठिकाणी खिळतात. सह्याद्रीच्या पश्चिमेस गडद निळी पट्टी असते, आणि पूर्वेकडे रंग फिकट होत जातो. त्या फिकट रंगात आपला सोलापूर जिल्हा आणि आपली बार्शी. काही वर्षांपूर्वी वसतिगृहातील एका विद्यार्थ्याने हा नकाशा पाहून विचारले, "सर, कोकणात एवढा पाऊस पडतो, समुद्र आहे, आंबा आहे, मासळी आहे. मग तिथली माणसं पोट भरायला मुंबईला का जातात?" त्याचे वडील हंगामात ऊसतोडीला जात असत. पाणी नसल्यामुळे माणूस गाव सोडतो हे त्याला घरातूनच ठाऊक होते. पाणी असूनही गाव का सोडावे लागते, हे कोडे त्याला उलगडत नव्हते.

त्या दिवशी तासाची घंटा झाली आणि उत्तर अपुरे राहिले. ते पूर्ण करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. संपूर्ण किनारपट्टीचा आढावा एका लेखात घेणे शक्य नाही. म्हणून रत्नागिरी जिल्ह्यातील एकच खाडी अभ्यासासाठी निवडली आहे. वाशिष्ठी नदी जेथे समुद्राला मिळते ती दाभोळची खाडी. हीच खाडी निवडण्यामागे जे कारण आहे, ते स्मरणिकेच्या वाचकांच्या अंतःकरणाजवळचे आहे.

वणंद ते दाभोळ

दापोली तालुक्यातील वणंद हे माता रमाईंचे गाव. त्यांचे वडील भिकू धुत्रे, ज्यांना वलंगकर असेही म्हणत, दाभोळ बंदरात उतरलेली मासळी टोपल्यांत भरून बाजारापर्यंत वाहून नेण्याचे काम करीत. रमाईंच्या चरित्रात हा उल्लेख आपण सर्वांनी वाचलेला आहे. परंतु भूगोलाच्या आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने आपण त्याकडे क्वचितच पाहतो.

दाभोळ हे त्या काळातही समृद्ध मासळीचे बंदर होते. समुद्र भरलेला होता, होड्या भरून येत होत्या, बाजार चालू होता. भिकू धुत्रे त्या समृद्धीच्या अगदी मध्यभागी उभे होते. प्रत्यक्ष त्यांच्या डोक्यावरच ती होती. तरीही होडी त्यांची नव्हती, जाळे त्यांचे नव्हते, बाजारातील दर ठरविण्यात त्यांचा शब्द नव्हता. त्यांना मिळत होती ती केवळ वाहतुकीची मजुरी. त्यांच्या पश्चात लहानग्या रमाईला आणि तिच्या भावंडांना नातलगांबरोबर मुंबईची वाट धरावी लागली.

आपल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच सापडते. एखाद्या प्रदेशात साधनसंपत्ती असणे आणि त्या प्रदेशातील माणसाचा तिच्यात वाटा असणे, या दोन वेगळ्या गोष्टी होत. विकासाच्या संधींचा विचार करताना प्रत्येक संधीपाशी आपण हाच प्रश्न विचारीत जाऊ, की टोपली कोण वाहतो आणि मासळी कोणाची आहे?

प्रदेशाची ओळख

महाराष्ट्राला सुमारे ७२० किलोमीटर लांबीचा सागरकिनारा लाभला आहे, असे आपण पाठ्यपुस्तकांतून शिकत आलो. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधील कोकणची रुंदी बहुतेक ठिकाणी ३० ते ६० किलोमीटरच आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. बार्शीत तो सहाशे मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे आपल्या पाच वर्षांचा पाऊस तेथे चार महिन्यांत पडतो.

परंतु तेथील जमीन आपल्या काळ्या जमिनीसारखी नाही. जांभ्या दगडाचा सच्छिद्र थर, तीव्र उतार आणि आखूड, वेगवान नद्या यांमुळे पडलेले पाणी फार काळ थांबत नाही. पावसाळ्यात पूर आणि एप्रिल-मे महिन्यांत डोंगरवाड्यांवर टँकर, असे चित्र तेथे दिसते. भात पिकविणारे मळे थोडे. उरलेली बरीचशी जमीन डोंगरउताराची, वरकस. तिच्यावर नाचणी, वरी अशी पिके निघत. एका पिकावर वर्ष निघत नसल्याने घरटी एक तरी माणूस मुंबईच्या गिरणीत किंवा गोदीत असे आणि त्याच्या मनिऑर्डरवर गावाकडची चूल पेटत असे.

पाणी : वाशिष्ठीचा धडा

दाभोळच्या खाडीत जे पाणी येते त्यात आपल्या बाजूचेही पाणी आहे, हे ऐकून बार्शीकरांना आश्चर्य वाटेल. कोयना ही कृष्णेची उपनदी, म्हणजे पूर्ववाहिनी. मात्र वीजनिर्मितीसाठी तिचे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेकडे सोडले जाते. वर्षाकाठी ६७.५ अब्ज घनफूट पाणी या प्रकारे वळविण्याची तरतूद आहे. उजनी धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ अब्ज घनफूट आहे. म्हणजे उजनीच्या निम्म्याहून अधिक पाणी वीज देऊन झाल्यावर वाशिष्ठीत उतरते आणि त्यातील फार मोठा भाग समुद्राला मिळतो. त्या विजेवर महाराष्ट्रातील कारखानदारी उभी राहिली, हे खरे. तरीही वाशिष्ठीच्या खोऱ्यातील उंचावरच्या वाड्या उन्हाळ्यात तहानलेल्याच राहतात, कारण पाणी खाली वाहते आणि वाडी वर असते. ते वर नेण्यासाठी यंत्र लागते, वीज लागते, आणि नळयोजनेची मागणी लावून धरणारी माणसे लागतात.

येथे संधी कोणती? ओढ्यांवर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून घातलेले वनराई बंधारे, छपरावरील पाण्याची साठवण, विहिरींचे पुनर्भरण, डोंगरउतारावर समपातळीतील चर ही कामे कोकणात कमी खर्चात होऊ शकतात. पाऊस इतका विपुल आहे की त्याचा अल्पसा अंश अडविला तरी दुसरे पीक शक्य होते.

परंतु पाणी उपलब्ध झाले की ते सर्वांना मिळतेच, असे नाही. याच कोकणातील महाड आपल्याला ते शिकविते. सार्वजनिक पाणवठे सर्वांसाठी खुले करण्याचा सी. के. बोले यांचा नव्हे, तर रावबहादूर एस. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली संमत झाला, हे विद्यार्थ्यांनी नावानिशी लक्षात ठेवावे. महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचे जाहीरही केले. तळे होते, पाणी होते, ठराव होता. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेईपर्यंत तो हक्क कागदावरच होता. त्यानंतरही न्यायालयाचा अंतिम निकाल मिळण्यास १९३७ साल उजाडले. म्हणून आज गावात पाणीपुरवठ्याची योजना येते तेव्हा जलवाहिनी आपल्या वस्तीपर्यंत पोहोचली का, हा प्रश्न विचारणे म्हणजे तक्रार नव्हे. ते नागरिकाचे कर्तव्य होय.

जमीन : खोतीपासून फळबागेपर्यंत

कोकणातील जमिनीचा इतिहास समजल्याशिवाय तेथील आंब्याचे अर्थशास्त्र समजत नाही. रत्नागिरी आणि तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांत खोती पद्धत होती. खोत हा सरकार आणि कसणारा यांच्यामधला वसुलीदार. सारा सरकारला भरून उरलेले उत्पन्न तो आपल्याकडे ठेवी आणि कुळांकडून वेठही घेई. त्यामुळे कसणाऱ्याला जमीन सुधारण्यात रस उरत नसे. ज्या जमिनीवर उद्या आपण असू की नाही ठाऊक नाही, तिच्यावर दहा वर्षांनी फळणारे झाड कोण लावील?

अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ असा प्रदीर्घ संप केला. जमिनी पडीक राहिल्या, कुटुंबे मोलमजुरीवर जगली, पण संप मोडला नाही. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. ते विधेयक त्यावेळी संमत झाले नाही. खोती रद्द करणारा कायदा १९४९ साली आला. त्यानंतर कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला आणि अनेक कुळे जमिनीची मालक झाली.

कोकणच्या टेकड्यांवर आज दिसणाऱ्या आंबा-काजूच्या बागांना या बदलाचा मोठा आधार आहे. दुसरा आधार १९९० साली मिळाला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या आपल्या आया-आजींच्या घामातून जी रोजगार हमी योजना आकाराला आली, तिच्याशी फळबाग लागवड जोडण्यात आली. स्वतःच्या शेतात खड्डे खणून कलमे लावली तरी त्याची मजुरी आणि अनुदान मिळू लागले. पडीक वरकस जमिनी हिरव्या झाल्या. महाराष्ट्राच्या ग्रामीण विकासात ही योजना मोलाची मानली जाते, आणि ते योग्यच आहे.

तथापि, या योजनेला एक उंबरठा होता. अर्जासोबत स्वतःच्या नावाचा सातबारा हवा. ज्यांच्याकडे जमीन होती त्यांची बाग झाली. ज्यांच्याकडे नव्हती त्यांना दुसऱ्याच्या बागेत खड्डे खणण्याची मजुरी मिळाली. कोकणात आणखी एक अडचण आहे. एका सातबाऱ्यावर तीन पिढ्यांतील अनेक नावे असतात, त्यांतील निम्मी माणसे मुंबईत असतात, आणि सर्वांच्या संमतीवाचून कर्ज किंवा अनुदान मिळत नाही. जमीन नावावर असूनही ती हातात नाही, अशी ही स्थिती आहे.

भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नावाची सबलीकरण व स्वाभिमान योजना २००४ पासून राज्यात आहे. तिच्यात पात्र कुटुंबास चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची तरतूद आहे. शासकीय दरात विकत मिळणारी जमीन शोधणे, ही तिच्या अंमलबजावणीतील खरी अडचण होय. ज्या गावात माहिती ठेवणारे, पाठपुरावा करणारे सुशिक्षित तरुण आहेत, तेथे ती थोडीफार दूर होते.

फळे आणि प्रक्रिया

दापोली येथे १९७२ साली कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले. बाबासाहेबांच्या बालपणीचा काही काळ ज्या गावात गेला, त्याच दापोलीत आज हे विद्यापीठ उभे आहे. येथील शास्त्रज्ञांनी आंब्याची 'रत्ना' व 'सिंधू', काजूची 'वेंगुर्ला-४' व 'वेंगुर्ला-७' अशी वाणे दिली. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. वेंगुर्ल्याचा काजू आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गचे कोकम यांनाही ते मिळाले आहे.

मानांकनामुळे नावाला संरक्षण मिळते, पण उत्पन्न कोणाच्या घरी जाते हे नावाने ठरत नाही. अनेक लहान बागायतदार मोहोर येताच आपली बाग खंडाने व्यापाऱ्याला देतात, कारण फवारणीला आणि पेटीला लागणारे भांडवल त्यांच्याकडे नसते. दर ठरतो तो वाशीच्या बाजारात. बागेत राखण आणि फवारणी करण्यासाठी आज नेपाळमधून कामगार येतात, आणि गावचा तरुण मुंबईत सुरक्षारक्षकाची नोकरी करतो. संधी गावातच होती. पण तिच्यात प्रतिष्ठा आणि वाटा दिसला नाही म्हणून तो गेला.

खरी वाढ प्रक्रियेत आहे. रातांब्यापासून आमसूल, सरबताचा आगळ आणि बियांपासून कोकमतेल मिळते. काजूचे बोंडू मोठ्या प्रमाणावर वाया जातात. त्यांपासून सरबत व इतर पदार्थ होऊ शकतात. काजूगर काढणाऱ्या लहान कारखान्यांत प्रामुख्याने स्त्रिया काम करतात. काजूच्या टरफलातील तेल त्वचा भाजते. हातमोजे नसतील तर बोटे काळी पडून सोलतात. म्हणून प्रक्रियाउद्योगाचे स्वागत करताना हातमोजे, वाजवी मजुरी आणि शक्य तेथे स्त्रियांच्या बचत गटाची मालकी, या तीन गोष्टी त्याबरोबर मागितल्या पाहिजेत.

समुद्र आणि खाडी

मासेमारी हे कोळी, गाबीत, भंडारी, खारवी, दालदी, भोई अशा समाजांचे पिढीजात जीवन होय. त्यांच्या श्रमाचा आणि ज्ञानाचा आदर राखूनच या क्षेत्राचा विचार केला पाहिजे. यांत्रिक नौका आणि मोठी जाळी आल्यावर उत्पादन वाढले, पण लहान मासळीही ओढली जाऊ लागली. म्हणून महाराष्ट्राने १९८१ साली सागरी मासेमारी नियमनाचा कायदा केला. पावसाळ्यात, म्हणजे माशांच्या प्रजननकाळात, यांत्रिक मासेमारी बंद ठेवली जाते. पर्ससीन जाळ्यांवर २०१६ पासून निर्बंध आहेत. पापलेटला २०२३ साली राज्यमासा घोषित करण्यात आले, त्यामागेही या माशाचे घटते प्रमाण हीच चिंता होती.

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर 'रापण' नावाची जुनी पद्धत आहे. होडीतून लांबलचक जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडतात आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून अनेक माणसे मिळून ओढतात. मासळी आली की तिचे वाटे पडतात. जो दोर ओढतो त्याला वाटा मिळतो. दाभोळच्या धक्क्यावर टोपली वाहणारा माणूस आणि रापणीचा दोर ओढणारा माणूस दोघेही अंगमेहनतच करतात. एकाला मजुरी मिळते, दुसऱ्याला वाटा. हा फरक श्रमाने पडलेला नाही, तो व्यवस्थेने पडला आहे. आणि व्यवस्था माणसांनीच केलेली असल्यामुळे ती बदलता येते.

खाड्यांमध्ये खेकडे, कालवे आणि जिताडा माशाचे संवर्धन ही नवी क्षेत्रे आहेत. राज्य शासनाने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. कांदळवनांचे रक्षण करणाऱ्या गावांतील गटांना अशा व्यवसायांसाठी साहाय्य देण्याची योजनाही आली. कांदळवन म्हणजे मासळीचे पाळणाघर. लाटांचा जोर तेथे मोडतो आणि पिल्ले तेथे वाढतात. वेंगुर्ल्याजवळ मांडवी खाडीत स्त्रियांच्या बचत गटाने होडीतून कांदळवन दाखविण्याची सफर चालविली. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे २००२ पासून समुद्री कासवांची अंडी जपण्याचे काम सुरू झाले. पुढे पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी पर्यटक येऊ लागले आणि ग्रामस्थांच्या घरीच त्यांची राहण्याजेवणाची सोय होऊ लागली. येथे मोठ्या उपाहारगृहाचा मालक मध्ये आला नाही. जिच्या घरी पाहुणा जेवला, तिलाच पैसे मिळाले.

याच दृष्टीने आपल्या ऐतिहासिक स्थळांकडेही पाहता येईल. महाड, बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे, वणंद, आणि दापोली तालुक्यातील पन्हाळेकाजी येथील २९ लेण्यांचा समूह ही स्थळे एका प्रवासात पाहता येतात. पन्हाळेकाजीच्या लेण्यांचा आरंभ बौद्ध भिक्खूंच्या निवासासाठी झाला. बार्शीहून दरवर्षी महाडला जाणाऱ्या अनुयायांनी या वाटेवर स्थानिक कुटुंबांच्या घरी मुक्काम केला, तर आपल्या यात्रेचा खर्च त्या गावांच्या उत्पन्नात जमा होईल.

मोठे प्रकल्प आणि ग्रामसभेचा शब्द

दाभोळच्या समोर, खाडीच्या दक्षिण तीरावर गुहागर तालुक्यातील अंजनवेल येथे एन्रॉन कंपनीचा वीजप्रकल्प उभा राहिला. १९९९ साली तेथे वीजनिर्मिती सुरू झाली आणि विजेच्या दरावरून झालेल्या वादात २००१ साली ती बंद पडली. पुढे तो प्रकल्प सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांच्या सहभागाने पुन्हा चालू करावा लागला. खाडीच्या वरच्या अंगास लोटे-परशुराम येथे रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. तिने अनेकांना रोजगार दिला. त्याचबरोबर सांडपाण्यामुळे खाडीतील मासळी घटली, अशी तक्रार खाडीकाठचे मच्छीमार अनेक वर्षे करीत आले आहेत. सिंधुदुर्गात रेडीचे लोहखनिज, कासार्ड्याची सिलिका वाळू अशी खनिजसंपत्तीही आहे.

अशा प्रकल्पांना सरसकट विरोध करणे किंवा सरसकट डोळे मिटून होकार देणे, दोन्हीही अभ्यासकाला शोभणारे नाही. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ साली आपला अहवाल दिला. निर्णयप्रक्रियेत ग्रामसभांना खरे स्थान असावे, हा तिचा आग्रह होता. खाण पन्नास वर्षांत संपते, नदी संपत नाही. म्हणून दोहोंचा हिशेब एकाच वहीत मांडला गेला पाहिजे. तो हिशेब मांडण्यासाठी पर्यावरण आघाताचा अहवाल वाचू शकणारी मुले आणि मुली गावात असल्या पाहिजेत.

बाबासाहेबांची विकासदृष्टी

व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात श्रममंत्री असताना बाबासाहेबांकडे पाटबंधारे व वीज हेही विषय होते. दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाया त्या काळात घातला गेला. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे ओरिसातील नद्यांच्या विकासासंबंधी परिषद झाली. ओरिसाही किनाऱ्यावरचाच प्रांत. जंगल, खनिजे आणि पाणी विपुल असूनही हा प्रांत दरिद्री का राहावा, असा प्रश्न त्यांनी तेथे उपस्थित केला. पुराचे पाणी ही आपत्ती समजून ते लवकरात लवकर समुद्रात कसे लोटावे, असा विचार तेव्हा रूढ होता. बाबासाहेबांनी तो उलटा केला. पाणी ही संपत्ती आहे. ती साठवा आणि सिंचन, वीज व जलवाहतूक अशा अनेक कामांसाठी एकाच योजनेतून वापरा, अशी त्यांची भूमिका होती.

दोन वर्षांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती जात-धर्माचा भेद न करता गावकऱ्यांना सामुदायिक शेतीसाठी देण्याची मागणी केली. या दोन्ही विचारांचा एकत्र अभ्यास केला पाहिजे. पहिला साधनसंपत्ती वाढवितो, दुसरा तिचे वाटप न्याय्य करतो. केवळ पहिला घेतला तर धरण होते आणि वाडी तहानलेली राहते. केवळ दुसरा घेतला तर वाटण्यासारखे हाती फारसे उरत नाही.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थांच्या गृहत्यागाचे कारण म्हणून शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा सांगितला आहे. एका नदीच्या पाण्यासाठी दोन शेजारी युद्धास सिद्ध झाले, तेव्हा सिद्धार्थांनी युद्धाला नकार दिला. नैसर्गिक साधनांच्या वाटपाचा प्रश्न आपल्या परंपरेत इतक्या मुळाशी आहे.

बार्शीसाठी बोध

आपल्याकडे समुद्र नाही, तरी दाभोळचा प्रश्न येथेही आहे. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली आणि बार्शीची बाजारपेठ वाढली. धान्याची पोती आली, कापूस आला. ती पोती पाठीवरून उतरविणाऱ्या हमालांना कायद्याचे संरक्षण मिळण्यास मात्र १९६९ च्या माथाडी कायद्यापर्यंत वाट पाहावी लागली.

आज आपल्या तालुक्यात हिंगणी, जवळगाव यांसारखे प्रकल्प आहेत, भोगावती आणि चांदणी नद्या आहेत, बालाघाटाच्या उतारावरची माळराने आहेत. तलावातील मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांना दिला जातो. पाणी ओसरल्यावर मोकळी होणारी गाळपेर जमीन भाडेपट्ट्याने दिली जाते. सीताफळाचा गर काढणे, डाळिंबाचे दाणे टिकविणे, डाळी तयार करणे या उद्योगांत कोकणातील काजूप्रमाणेच गटांना वाव आहे. प्रत्येक ठिकाणी विचारावयाचा प्रश्न तोच आहे.

विद्यार्थ्यांनी दिवाळीच्या सुट्टीत आपापल्या गावी जाऊन पुढील पाच गोष्टींची नोंद करून आणावी.

१. गावातील सार्वजनिक विहिरी व हातपंप किती, आणि त्यांतील किती आपल्या वस्तीत आहेत?
२. आपल्या कुटुंबाच्या नावे सातबारा आहे का? असल्यास त्यावर किती नावे आहेत?
३. जवळच्या तलावातील मासेमारीचा ठेका कोणाकडे आहे? गाळपेर जमीन कोण कसतो?
४. गावात पिकणाऱ्या कोणत्या मालावर गावातच प्रक्रिया होते, आणि कोणता माल कच्चाच बाहेर जातो?
५. गेल्या वर्षी किती ग्रामसभा झाल्या, आणि घरातील कोण त्यांना उपस्थित होते?

ही नोंद म्हणजे गुणांसाठीचा प्रकल्प नव्हे. आपल्या गावाच्या संपत्तीशी झालेली ती पहिली ओळख आहे.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. आपल्यापैकी कितीतरीजण आज महसूल, कृषी, जलसंधारण, बँक आणि शिक्षण खात्यांत आहेत. वर्षातून एक रविवार वसतिगृहासाठी ठेवावा. सातबारा कसा वाचावा, फेरफार म्हणजे काय, योजनेचा अर्ज कोठे अडतो, सहकारी संस्था कशी नोंदवावी, हे मुलांना प्रत्यक्ष कागद हातात देऊन शिकवावे. दापोलीचे कृषी विद्यापीठ आणि रत्नागिरीजवळ शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालय यांची प्रवेशप्रक्रिया बारावीच्या मुलामुलींना समजावून सांगावी. किनाऱ्यापासून दूर वाढलेल्या मुलाला मत्स्यशास्त्र शिकता येणार नाही, असा नियम कोणत्याही पुस्तकात नाही.

पालकांनाही नम्रपणे सांगावेसे वाटते. मुलाने शिकून गाव सोडलेच पाहिजे, असे नाही. जाणे किंवा राहणे हा त्याचा निर्णय असावा. त्याच्यावर लादलेली गरज नसावी.

नकाशापुढे उभा राहून प्रश्न विचारणाऱ्या त्या विद्यार्थ्याला आज मी एवढेच सांगेन : बाळ, कोकणात पाऊस कमी नव्हता, मासळीही कमी नव्हती. वणंदच्या त्या कष्टकरी बापाच्या डोक्यावर रोज भरलेली टोपली होती. त्याच्या हाती जाळ्याचा दोर नव्हता, आणि त्याच्या नावाचा कागद कोणत्याही कचेरीत नव्हता. तुझ्या हातात आज वही आहे. तिच्या पहिल्या पानावर आपल्या गावातील विहिरी मोजून लिही.